सहा पानं आणि मावशीची जागा

त्या बुधवारी माझ्याकडे नऊ दिवस होते आणि एकच काम होतं. रोह्याच्या पलीकडे डोंगराच्या कडेला एक आदिवासी वाडी आहे. तिथल्या एका मावशीचा वनहक्काचा दावा लिहून द्यायचा होता. लग्न होऊन आल्यापासून ती ज्या तुकड्यावर नाचणी आणि वरी करते, तो कागदावर जंगल आहे आणि जमिनीवर शेत. कायदा म्हणतो, २००५ सालाच्या आधीपासून कसत असाल तर दावा करा, ग्रामसभेनं ठराव केला की तो वर जाईल. ग्रामसभा पुढच्या शुक्रवारी होती. शेजारच्या उतारावर वनखात्याला पावसाआधी झाडं लावायची म्हणून चुन्याच्या खुणा पडल्या होत्या, आणि त्या खुणा मावशीच्या बांधापर्यंत येऊन थांबल्या होत्या. दावा दाखल झाला की चौकशी संपेपर्यंत तिला तिथून कुणी उठवू शकत नाही. दाखल नसला तर मृगाला ती नाचणी कुठे पेरणार, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

फॉर्म, वाडीतल्या एका जुन्या माणसाचा जबाब आणि जागेचं वर्णन, सगळं मिळून चार पानांचं काम. चार पानं! मी एका बैठकीत चार पानांचं पत्रक लिहिते आणि वर दोन घोषणा फुकट देते.

मी पेणची. एकोणिसाव्या वर्षापासून पत्रकं लिहिते. कागद मधून दुमडायचा, वर ‘जाहीर निषेध’, खाली ‘आता गप्प बसायचं नाही’, आणि झेरॉक्सच्या दुकानात दोनशे प्रती. शाळेतला निबंध मला कधी जमला नाही, मला लिहायला पत्रकानं शिकवलं. म्हणून उन्हाळ्यात लोकांना घामोळं येतं तशी माझ्या वाक्यांना उद्गारचिन्हं येतात. खाजवलं की वाढतात.

तर पहिल्या दिवशी सकाळी मी वही उघडली, ‘दावेदाराचे नाव’ असं लिहिलं आणि फोन वाजला. गडबच्या एका ओळखीच्या बाईनं फोटो पाठवला होता. हायवेच्या कडेला खड्डा आणि खड्ड्यात स्कूटर आडवी. आडवी! मी काय दगडाची आहे? तीन ग्रुपवर टाकला. एका ग्रुपवर एका गृहस्थानं अंगठा दाखवला. मी विचारलं, अंगठा कशाला? खड्ड्याला? तो म्हणाला, “ताई, पाहिलं एवढंच.” पाहिलं एवढंच! मग ‘पाहिलं एवढंच’ म्हणणाऱ्या समाजाबद्दल मी जे लिहिलं ते आजही मला आवडतं. चांगलं दीड पान झालं असतं. त्यावर एकवीस अंगठे आले आणि प्रत्येक अंगठा कुणाचा आहे हे मी बघितलं.

संध्याकाळी आईनं विचारलं, “सकाळपासून बसलीस. काय लिवलंस गो?”

“नाव.”

“कुणाचं?”

“मावशीचं.”

“आडनावासकट?”

“अजून नाही.”

आई पापड करते. पेणमध्ये हे सांगायची सुद्धा गरज नाही, पण सांगते, कारण पुढची गोष्ट पापडाच्या डब्यात घडते. आमच्या पुढच्या खोलीत ती आणि शेजारच्या दोघी काकू मिळून लाटायला बसतात. दुसऱ्या दिवशीही आडनाव लिहून झालं नाही तेव्हा मी ठरवलं की दोष फोनचा आहे. फोन म्हणजे काय? आपलं लक्ष चोरायला घरात बसवलेला माणूस! मी तावातावानं उठले, फोन आईच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकला, झाकण दाबलं, आणि वर वरवंटा ठेवला. आवाज बंद करायचा विसरले. क्रांतीच्या भरात अशा गोष्टी राहतात.

दहा मिनिटांत डबा थरथरायला लागला. पत्र्यात तो आवाज असा घुमला की एका काकूच्या हातून लाटणं निसटलं.

“अगो बाय, पापडात जीव आला!”

“माझे नाय, तिचे,” आई म्हणाली. तिनं वरवंटा बाजूला केला, पिठाच्या हातानं फोन काढला आणि कानाला लावला. “कोण? ... नाय, ती नाय हाय. ... नाय हो, बरी हाय, लिवते हाय. ... मोर्चा? कधी? ... मग आतापास्नं कशाला चप्पल घालायची? सोमवारी सांगा.” आणि ठेवला.

मी थक्क. त्या फोनला मी चाळीस मिनिटं दिली असती आणि शेवटी मीच मोर्चाची तारीख बदलायला निघाले असते. आईनं दिवसभरात असे अकरा फोन निकालात काढले. दुसऱ्या काकूनं तर एकाला सांगितलं, “ताई तुरुंगात हाय,” आणि पापड उलटत खुदुखुदु हसत बसली. त्यावर दोन जण चौकशीला घरी आले.

आता फोन नाही, तर पान पुढे जायला हवं की नाही? नियमानं जायला हवं. पण समोर एक टेम्पोवाला भर रस्त्यात टेम्पो धुत होता. पाणी नळाचं! गावाला एक दिवसाआड पाणी, आणि ह्याच्या टेम्पोला आंघोळ! मी खिडकीतून बोलले, मग दारातून बोलले, मग रस्त्यावर जाऊन बोलले. तो म्हणाला, “ताई, पाणी बोअरचं हाय.” बोअरचं असलं म्हणून काय झालं? मी भूजलावर गेले. परत आले तर पेनची रिफिल वाळलेली. रिफिल आणायला गेले आणि तीन तासांनी सह्यांची मोहीम घेऊन परत आले. बाजारातल्या मुतारीला दार नव्हतं, त्याबद्दलची. त्रेसष्ट सह्या झाल्या. रिफिल राहिली.

त्या आठवड्यात मी वहीच्या मागच्या पानावर एक नोंद ठेवत होते. कामावरून उठले की वेळ आणि कारण लिहायचं. मला पुरावा हवा होता, फोनविरुद्ध. पत्रक काढायचंच होतं त्याच्यावर. शनिवारी संध्याकाळी ती पानं वाचायला घेतली. खड्डा. अंगठा. टेम्पो. भूजल. मुतारी. चहावाल्याचे प्लास्टिकचे कप. एकदा नुसतं ‘शेजारी मोठ्यानं हसला’. फोन डब्यात गेल्यावरच्या नोंदी आधीपेक्षा जास्त होत्या! मला कुणी हाक मारली नव्हती. मीच उठत होते. सुस्त माणूस गाणी ऐकत वेळ घालवतो, मी चिडून वेळ घालवत होते. आणि चिडल्यावर इतकं काम केल्यासारखं वाटतं हो! घाम येतो, घसा बसतो, भूक लागते. कष्टाची सगळी लक्षणं, फक्त काम तेवढं नाही.

हे कळल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी घराला दोष दिला.

सोमवारी एसटीनं जोह्याला गेले, मामीकडे. मामी सोळा वर्षं गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. एका टोकाला साचे, मधे पॉलिश करणाऱ्या बायका, आणि दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी मामी. बाकी शेडमध्ये रेडिओ, चेष्टा, भांडणं, सगळं चालतं. पण मामीच्या खिडकीपासून चार हातांच्या आत कुणी बोलत नाही. पाटी नाही, दोरी नाही. मालक सुद्धा तिथे आला की कागदावर लिहून दाखवतो आणि तिचा हात थांबेपर्यंत उभा राहतो. जिल्ह्यात मला ठाऊक असलेली ही एकच जागा, जिथे मालक बाईसाठी थांबतो.

मी कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसले. मामी श्वास धरून बुबुळ काढत होती. हात खाली आल्यावर मी हळूच विचारलं, “मामी, समोर इतके गणपती. तुझी नजर इकडेतिकडे जात नाय?”

“मी गणपतीकडं बघतच नाय,” मामी म्हणाली. “ब्रशच्या टोकाकडं बघते. गणपती आपोआप होतो. आता गप लिव.”

आणि मी लिहायला लागले! काय वेग! पहिलं पान झालं, दुसरं सुरू झालं, आणि मामी उठली. पदर खोचला, चप्पल घातली आणि शेडच्या मागच्या बाजूनं शेताकडे निघाली. मी विचारलं कुठे, तर म्हणाली, “जाऊन येते.” मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. शेडमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. बावीस बाया! सोळा वर्षं! मी बादलीवरून अशी उठले की बादली घरंगळत जाऊन एका उंदरावर, म्हणजे गणपतीच्या उंदरावर, आदळली. मामी परत येईपर्यंत माझ्या पत्रकाचा मथळा तयार होता.

“मामी, हे चालणार नाही! मी आत्ता मालकाला—”

“बस.”

“अगं पण बावीस बाया—”

“बस म्हटलं ना? मला म्हाईत नाय काय किती बाया ते? संडास सोळा वर्षं नाय, तो बुधवारपर्यंत काय उगवणार हाय? त्या बाईची जमीन शुक्रवारी हाय. माझ्यासाठी नंतर भांड. भांडशीलच. तुझं काय, तू भांडायला जेवण सोडून उठशील.” तिनं माझी वही ओढली, मागचं पान उघडलं आणि आखणीच्या बारीक ब्रशनं, काळ्या रंगात, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: नंतर. त्याच्याखाली: संडास.

(तो संडास झाला. दोन महिने लागले, आणि भांडण मी केलंच. पण मी अंगणात घसा फोडण्याआधी बावीस जणींनी एक दिवस सकाळी पाणी प्यायलाच नकार दिला आणि कारण विचारल्यावर मालकाला शांतपणे सांगितलं, ते जास्त लागू पडलं.)

‘नंतर’ हे पान तेव्हापासून माझ्या प्रत्येक वहीत असतं. चीड आली की एक शब्द तिथे टाकायचा आणि पुढचं वाक्य लिहायचं. सोमवारी आणि मंगळवारी त्या पानावर सतरा शब्द गेले आणि पुढच्या बाजूला सहा पानं भरली. सहा! चारच्या कामाला सहा! मंगळवारी संध्याकाळी पेणला उतरले तेव्हा मला हवेत चालल्यासारखं वाटत होतं.

बुधवारी सकाळच्या गाडीनं रोहा गाठलं. कागद त्या संध्याकाळपर्यंत वनहक्क समितीकडे द्यायचे होते, म्हणजे गुरुवारी समिती जागा बघेल आणि शुक्रवारी ग्रामसभा. गाडीत एक माणूस दोन सीटवर पाय पसरून बसला होता. मी वही काढली, ‘नंतर’खाली ‘पाय’ लिहिलं आणि खिडकीतून बाहेर बघितलं. केवढा पराक्रम! स्टेशनबाहेरून मिनीडोर मिळाली. सहा जणांची रिक्षा, त्यात नऊ जण. तेही लिहिलं.

मावशी तुकड्यावरच होती. पन्नाशीची, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिच्याबरोबर वाडीतले म्हातारबा होते, ज्यांचा जबाब दाव्याला जोडायचा होता. दोघं राब भाजायच्या तयारीत होते. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत नाचणीचं रोप करायच्या आधी ठरलेल्या जागेवर शेण, पाला, फांद्या, गवत, वर माती असे थर रचून जाळतात, त्याला राब म्हणतात. मी त्यांना सावलीत बसवलं, उभी राहिले आणि वाचायला सुरुवात केली. उभं राहून. हातवारे करून. ‘शतकानुशतकांच्या अन्यायाच्या काळोखात’ इथे आवाज खाली घेतला आणि ‘आता हा डोंगर बोलेल!’ इथे चढवला. म्हातारबांचा जबाब तर मी असा लिहिला होता की माझ्याच अंगावर काटा आला. मूळ जबाब मी महिन्याभरापूर्वी फोनवर रेकॉर्ड केला होता, पण फोन पेणला डब्यात होता आणि मला उठायचं नव्हतं, म्हणून जे आठवलं ते लिहिलं. आठवलं होतं ते एकच: तरुणपणी कुणातरी सावकाराच्या लाकडाचे भारे त्यांना फुकट वाहायला लावले होते. त्यावर मी दोन पानं लिहिली होती.

वाचून झालं. डोंगर काही बोलला नाही. म्हातारबांनी टाळी वाजवली, मनापासून. म्हणाले, “लय जोरात लिवलंय. कोण तो म्हातारा?”

“तुम्हीच, बाबा.”

“मी? मी असं बोललो?” ते खूश झाले. “पण ते भारे काय हितले नाय. ते तिकडं कोलाडला वायलो मी. त्याचा ह्या जागेशी काय संबंध?”

मावशीनं पानं हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. तिला वाचता येत नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, “ह्यात माझी जागा कुठं हाय गो?”

“सगळीकडे तीच आहे, मावशी. हे सगळं तुझ्या जागेबद्दलच—”

“नाय, पण कुठं हाय? कुठनं कुठवर? ओढा कुठं लिवलाय?”

मी शोधलं. ओढा नव्हता.

“आंबा?”

आंबा नव्हता.

“राब कुठं भाजतो ते?”

सहा पानं. मामीच्या खिडकीपाशी, एकाग्रपणे, कुणाशी न बोलता लिहिलेली. त्यात चतु:सीमा नव्हती. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, हे कुठल्याही तलाठ्याच्या कागदावर असतं ते माझ्या दाव्यात नव्हतं. हे मी माझ्या वहीतल्या एकाही नोंदीवर ढकलू शकत नव्हते. त्या दोन दिवसांत मला एकदाही कुणी उठवलं नव्हतं. बादलीवर बसल्या बसल्याच मी मावशीला सोडून मोर्चात गेले होते, आणि मोर्चात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

“आता?” मावशीनं विचारलं. ती रागावली नव्हती. घाबरली होती. त्या बांधापर्यंत आलेल्या चुन्याच्या खुणांकडे तिनं एकदा बघितलं, आणि मला पहिल्यांदा आठवड्याभरात कुणावरही चिडता आलं नाही.

“आता चाल,” मी म्हटलं. “जागा दाखव. मी लिहिते.”

दुपारचे बारा वाजले होते. सहा वाजता समितीचे अध्यक्ष कागद घेणार होते. आम्ही तिघं तुकडा फिरलो. मी ठरवलं, डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, आणि ते किती अवघड आहे काय सांगू! “हा दगडांचा ताल,” मावशी रचलेल्या बांधावर हात ठेवून म्हणाली. “मी आणि माझ्या घरवाल्यानं रचला.” मी लिहिलं: ‘दगडांचा ताल, जो या मातीच्या लेकरांनी रक्ताचं—’ आणि थांबले.

“काय लिवलंस?” मावशीनं लगेच विचारलं. आता तिचा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता.

“ताल.”

“लय वेळ लागला तालाला. अजून काय लिवलंस?”

“रक्त.”

“कुणाला लागलं?”

“कुणाला नाही.”

“मग काढ ते.”

म्हातारबा खिंकाळल्यासारखे हसले. मी रक्त खोडलं. ‘दगडांचा ताल. लांबी चाळीस पावलं. उंची गुडघ्याइतकी.’ पावलं म्हातारबांनी मोजली आणि प्रत्येक दहाला मोठ्यानं ओरडले. नंतर आम्हाला सगळ्यांनाच चेव आला. आंब्याचा घेर मोजायला मी आणि मावशी दोन बाजूंनी खोडाला मिठी मारून उभ्या राहिलो, हात पुरले नाहीत, तर म्हातारबा मधे शिरले. “अडीच माणसं,” ते म्हणाले. “मी आता अर्धाच उरलोय.” मी पोट धरून हसले आणि लिहिलं: ‘आंब्याचे झाड, तीन माणसांच्या मिठीचे.’ त्यावरही मावशीनं अडीचचा आग्रह धरला.

मग राबाची जागा. वरून नुसती काळसर माती. मी म्हटलं, “मावशी, हा काळेपणा मागच्या वर्षीचा म्हणतील कुणी.” त्यावर म्हातारबांनी कोयत्यानं तिथे उकरायला घेतलं. काळी माती, तिच्याखाली काळी, अजून काळी. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा कुठे तांबडी लागली. दोन पावलं बाजूला उकरलं तर बोटभर खालीच तांबडी. “दर साली हितंच भाजायचा,” म्हातारबा म्हणाले. “हिची सासू हितंच भाजायची. मी पोर होतो तवा तिच्या राबात रताळी भाजून खायचो. लाव हिशेब.” हे सगळं त्यांनी महिन्याभरापूर्वीही मला सांगितलं होतं, फोनमध्ये होतं ते. त्या वेळी मी मान डोलावत होते आणि भाऱ्यांची वाट बघत होते.

साडेतीन पानं झाली. एकही उद्गारचिन्ह नाही. वाचून दाखवलं तेव्हा मावशी माझ्या प्रत्येक वाक्यावर बोटानं तिकडे दाखवत होती, ओढा म्हटलं की ओढ्याकडे, ताल म्हटलं की तालाकडे. एकदा बोट दाखवायच्या आधीच मी चुकीची बाजू वाचली तर म्हणाली, “थांब, मावळत तिकडं हाय.” खोडून नीट केलं. सहाला दहा मिनिटं कमी असताना अध्यक्षांच्या हातात कागद पडले. त्यांनी पोच दिली. गुरुवारी समिती जाऊन आली, कोपरभर खोल हात घालून आली.

शुक्रवारी ग्रामसभा शाळेच्या खोलीत भरली. वाडीतली झाडून सगळी माणसं आली होती, बाया जमिनीवर, पुरुष बाकांवर. (बाकांची वाटणी! ‘नंतर’.) मावशीचा दावा पुकारला तेव्हा गावातला एक माणूस उठला. हा माणूस मला ओळखतो आणि मी त्याला. त्याच्यावर मी एकदा पत्रक काढलं होतं.

“ही जागा आत्ता पाच-सहा वर्षांमागं साफ केलेली हाय,” तो म्हणाला. “हे सगळं पेणच्या ताईंनी शिकवलंय. पत्रकवाली बाई! बोला ताई, करा भाषण. आम्ही ऐकतो.”

खोली माझ्याकडे बघायला लागली. आणि खरं सांगते, भाषण तयार होतं! घशापर्यंत आलं होतं, पहिलं वाक्य, टोला, विराम, सगळं. मी बोलले असते तर तासभर रंगली असती माझी आणि त्याची जुगलबंदी, आणि तासाभरानं मजुरीवरून आलेली माणसं उठून गेली असती, माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब, आणि पुढची सभा पावसानंतर. त्याला तेच हवं होतं. मी अर्धी उठलेसुद्धा. मावशीनं न बघता माझी ओढणी धरली आणि खाली ओढली. धपकन बसले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

मावशी उठली. “भाऊ, पाच-सहा वर्सांत एवढा राब कसा भाजणार मी?” तिनं कोपराला हात लावून दाखवलं. “तू मला भाजून दाखव. मी लाकडं देते.”

“एवढा खोल कसा असेल?” तो म्हणाला.

“असेल काय, हाय,” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “काल माझा हात गेला की. शर्ट अजून काळा हाय. बायको ओरडली.” आता सगळी खोली हसली, त्या माणसाच्या बाजूला बसलेले सुद्धा. तो अजून काहीतरी म्हणाला, पण हसण्यात ऐकू आलं नाही, आणि तो बसला. मी तोंडावर ओढणी दाबून धरली होती. हसू आवरायला नाही, भाषण आवरायला.

ग्रामसेवकांनी हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले, ठरावाच्या वहीत लिहायला लागले. मग म्हणाले, “जागेचं वर्णन वाचतो. चूक असेल तर आत्ताच सांगा.”

“पूर्वेस ओढा,” त्यांनी वाचलं. मावशी उभीच होती. ती वळली आणि पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली, शाळेच्या त्या खोलीत, फळ्याकडे. मान हलवली. “दक्षिणेस दगडांचा ताल, चाळीस पावलं.” ती खिडकीकडे वळली. तिच्याबरोबर जमिनीवर बसलेल्या बायाही वळल्या, एकेक करून, कुणी न सांगता, मग बाकांवरचे पुरुष. “पश्चिमेस आंब्याचे झाड, अडीच माणसांच्या मिठीचे.” ग्रामसेवक थांबले, चष्मा वर करून बघितलं. सगळी वाडी दाराकडे तोंड करून बसलेली.

“हे अडीच म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“अडीचच हाय, भाऊसाहेब,” मावशी म्हणाली. “पुढं वाचा.”

“उत्तरेस डोंगराचा कडा.”

उत्तरेला भिंत होती. मावशी भिंतीसमोर जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर, आणि इतका वेळ तिकडे बघत राहिली की ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं.

“बरोबर हाय,” ती म्हणाली. “मारा शिक्का.”